भूकंप, पांढरी आणि मराठी कथन

लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद (आताचा धाराशिव) या जिल्ह्यांच्या सीमेवर ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या भूकंपाला तीन दशकांहून अधिक काळ लोटला आहे. सरकारी नोंदीप्रमाणे त्यात सुमारे आठ हजार माणसे दगावली. लोकांच्या बोलण्यात हा आकडा दहा हजारांच्या खाली क्वचितच येतो. किल्लारी, सास्तूर, तळणी, मंगरूळ, राजेगाव, पेठसांगवी, होळी ही नावे त्यापूर्वी त्या तालुक्यांबाहेर फारशी कोणाला ठाऊक नव्हती. ५२ गावे मूळ जागेवरून उठवून दुसरीकडे वसवावी लागली. मराठी भाषेच्या प्रदेशात एवढी उलथापालथ होऊनही मराठी साहित्याच्या सामायिक स्मृतीत तिची जागा इतकी अंधूक का, हा प्रश्न येथे उपस्थित करावयाचा आहे. विश्वास पाटील यांच्या ‘झाडाझडती’ने (१९९१) धरणग्रस्तांच्या अनुभवासाठी वाचकांच्या मनात जी जागा निर्माण केली, तशी जागा भूकंपावरील कोणत्याही मराठी कादंबरीला मिळालेली नाही, असे म्हणण्यास प्रत्यवाय नसावा.

याची दोन उत्तरे सामान्यतः दिली जातात. एक असे की, अनुभव अद्याप पुरेसा निवलेला नाही. तीस वर्षांनंतर हे उत्तर देणे म्हणजे प्रश्न टाळणे होय. दुसरे असे की, ज्यांनी भोगले ते लिहीत नाहीत आणि जे लिहितात त्यांनी भोगलेले नाही. दलित आत्मकथनांच्या आणि ग्रामीण साहित्याच्या चळवळींनंतर हेही उत्तर जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. भोगणाऱ्यांनी लिहावे यासाठीची वाट १९९३पर्यंत मराठीत चांगलीच रुळलेली होती. लातूर परिसरातलेच रा. रं. बोराडे यांनी ‘पाचोळा’त (१९७१) शिंप्याच्या बायकोच्या तोंडून, तिच्याच बोलीत, एका घराची वाताहत सांगून दाखवली होती. बोली होती, निवेदक होता, वाचकही होता. तेव्हा अडचण लेखकांच्या कुवतीत किंवा संवेदनशीलतेत न शोधता रूपबंधात आणि शब्दांत शोधावयास हवी, असे मला वाटते.

आपल्याकडील आपत्तीच्या कथनांना एक विशिष्ट कालावकाश असतो. दुष्काळ हा महिनोन्‌महिने चालतो. आधी आभाळ ओढ धरते, मग विहिरी आटतात, जनावरे विकली जातात, माणसे बाहेर पडतात. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) वाडी ओस पडत जाते ती अशी पायरीपायरीने, आणि तरुण मास्तर ते पाहू शकतो. येथे ‘पाहणे’ हे क्रियापद महत्त्वाचे आहे. ‘स्मृतिचित्रे’तील प्लेगच्या दिवसांतही लक्ष्मीबाई टिळक हिंडत्याफिरत्या आहेत, माणसांची शुश्रूषा करीत आहेत. धरण तर आधी कागदावर येते, मग मोजणीदार येतात, मग नोटिसा येतात; कादंबरीला लागणारे सगळे टप्पे शासनच पुरवते. तुकोबांनी दुष्काळात झालेल्या आपल्या वाताहतीची हकीगत स्वतः सांगितली आहे, तीही क्रमाने घडत गेलेल्या हानीची हकीगत आहे. या सर्व कथनांना आरंभ आहे, मध्य आहे आणि साक्षी आहे.

भूकंपाला मध्य नाही. मिनिटभरदेखील न टिकलेला हादरा ही कथानकातील घटना होऊ शकते. कथानक होऊ शकत नाही. शिवाय तो पहाटेच्या अंधारात झाला, म्हणजे ज्यांनी तो भोगला ते झोपलेले होते. घटना घडून गेल्याचे त्यांना कळले ते ढिगाऱ्याखाली, धुळीने भरलेल्या तोंडाने. आवाज ऐकला असे सगळे सांगतात. पाहिले असे कोणी फारसे सांगत नाही. ज्याने पाहिले नाही त्याला साक्षी म्हणावे काय, हा कथनमीमांसेतील निव्वळ तांत्रिक प्रश्न वाटेल. परंतु वाचलेल्या माणसांच्या सांगण्याची सगळी घडण त्यावर अवलंबून आहे. ही सांगणी बहुधा हादऱ्यापासून सुरू होत नाहीत. ती एखाद्या क्षुल्लक गोष्टीपासून सुरू होतात : त्या रात्री राखणीला शेतात गेलो होतो, मूल रडत होते म्हणून अंगणात आले होते, पाहुणे आल्यामुळे जागा बदलून निजलो होतो. कार्यकारणाची साखळी येथे ‘भूकंप का झाला’ अशी नसते. ‘मी का राहिलो’ अशी असते. वृत्तपत्रांनी, शास्त्रज्ञांनी आणि कवींनी विचारलेला प्रश्न पहिला. ज्यांच्यावर गुदरले त्यांचा प्रश्न दुसरा. भूकंपावरील पुष्कळसे लेखन फसते ते या दोन प्रश्नांची गल्लत झाल्यामुळे.

याचे एक ठळक उदाहरण म्हणजे गणेशविसर्जन. भूकंप झाला तो अनंत चतुर्दशीच्या विसर्जनाच्या रात्री. विघ्नहर्त्याला निरोप दिला आणि विघ्न आले, हा उपरोध इतका आयता होता की त्या काळच्या कवितेला तो टाळता आला नाही. वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून आणि कविसंमेलनांतून तो वारंवार येत राहिला. आयता उपरोध हा कवितेचा शत्रू असतो, एवढे म्हणून हा मुद्दा सोडता आला असता. पण दोष त्याहून खोल आहे. विसर्जनाचे खरे महत्त्व त्या रात्री वेगळे होते : कोण उशिरापर्यंत जागा राहिला, कोण दमून घरात गाढ झोपला, कोण मिरवणुकीहून परतून बाहेरच आडवा झाला, हे त्यावर ठरले. विसर्जन ही दैवाची थट्टा नव्हती, तो योगायोगाचा एक धागा होता. उपरोधाने वरून पाहणारा एक शहाणा निवेदक गृहीत धरला जातो. योगायोगाला असा निवेदक नसतो. प्रासंगिक कवितेने पहिला पर्याय निवडला आणि वाचलेल्यांच्या सांगण्याचा मूळ स्वरच तिच्या हातून निसटला.

कवितेतील दुसरी आवडती प्रतिमा म्हणजे कोपलेली काळी आई. ही प्रतिमा तपासण्यासाठी आपल्याच भाषेतील एका जुन्या जोडशब्दाकडे वळावे लागेल. गावगाड्याच्या परिभाषेत ‘काळी’ म्हणजे पिकाची जमीन आणि ‘पांढरी’ म्हणजे वस्तीची जागा. काळी-पांढरी मिळून गाव होते. आता किल्लारी परिसरात माणसे कशाने मेली ते पाहावे. तिथले घर म्हणजे दगडमातीच्या दोन-तीन फूट, कित्येकदा त्याहूनही जाड भिंती आणि त्यांवर लाकडी तुळया-फळ्यांचे माळवद. माळवदावर पांढऱ्या मातीचा जाड थर, आणि गळती लागली की दर काही वर्षांनी त्यावर पुन्हा नवा थर. या भिंतींचे दगड चिखलात रचलेले. आतला आणि बाहेरचा थर एकमेकांत न गुंतलेला. ऊन, चोर आणि दरोडेखोर यांच्यापासून रक्षण करणारी ही भिंत होती. ती जितकी रुंद तितका घराण्याचा मान मोठा. हादरा बसला तेव्हा हे दगड सुटले आणि वरची माती खाली आली. जिथे माळवद लाकडी खांबांवर तोललेले होते तिथे पुष्कळदा सांगाडा उभा राहिला आणि भोवतीच्या भिंती ढासळल्या. कुडाच्या झोपड्यांतली माणसे त्या मानाने वाचली.

म्हणजे मारले ते काळीने नव्हे, पांढरीने. काळी जागच्या जागी होती. हस्ताचे दिवस होते, रब्बीच्या ज्वारीची पेरणी तोंडावर आली होती. ज्या मातीने छपराचा गारवा दिला तीच अंगावर आली. हे सत्य ‘आई कोपली’ या प्रतिमेत पूर्ण झाकले जाते, कारण आई म्हणताच कर्तृत्व निसर्गाकडे जाते आणि माणसाने बांधलेली भिंत नजरेआड होते. लिस्बनच्या १७५५च्या भूकंपानंतर व्हॉल्टेअरने ईश्वराच्या न्यायाबद्दल दीर्घ कविता लिहिली, तेव्हा १७५६ साली त्याला लिहिलेल्या पत्रात रूसोने हेच सुनावले होते : सहा-सहा, सात-सात मजल्यांची घरे निसर्गाने तिथे नेऊन ठेवली नव्हती. रूसोचा मुद्दा कवितेच्या विरुद्ध आहे असे समजण्याचे कारण नाही. तो कर्त्याचा शोध घेण्याचा आग्रह आहे, आणि कर्ता कोण हे ठरवल्याशिवाय वाक्यच पुरे होत नाही. (मराठीत दुभंगलेली धरणी हे खरे तर आश्रयाचे चिन्ह आहे, लज्जेने वा दुःखाने व्याकूळ झालेले माणूस तिने पोटात घ्यावे अशी विनवणी करते. हा वाक्प्रचार किल्लारीनंतर कसा उच्चारावा, हे कोण्या कवीने स्वतःला विचारल्याचे माझ्या वाचनात आले नाही.)

मराठी क्रियापदेच या अनुभवाबद्दल कवितेपेक्षा अधिक जाणती आहेत, असे कधी कधी वाटते. ‘बसणे’ हे क्रियापद पाहा. गाव बसते, म्हणजे वस्ती होते. धक्का बसतो. भिंत बसते, म्हणजे खचते, जमीनदोस्त होते. वसणे, हादरणे आणि कोसळणे या तिन्हींसाठी एकच क्रियापद वापरणारी ही भाषा आहे. उलट ‘उठणे’ : गाव उठते, म्हणजे ओस पडते. पुनर्वसनाच्या योजनेने जे केले ते या क्रियापदांच्या भाषेत सांगायचे तर, बसलेले गाव उठवून पुन्हा बसवले. हा श्लेष नव्हे. या प्रदेशातील माणसाच्या जाणिवेत वस्ती आणि विनाश एकमेकांच्या किती निकट आहेत त्याची ती खूण आहे. १९९२च्या ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात किल्लारी परिसरात लहान धक्के बसले होते. १८ ऑक्टोबरचा त्यांतला मोठा. पुढे वर्षभर गाव पुन्हा ‘बसले’. त्या वर्षाची कादंबरी होऊ शकते, असे मला वाटते. भूकंपाला नसलेला मध्य कदाचित त्याच्या आधीच्या या वर्षात आहे.

पापाचा प्रश्नही टाळता येत नाही. १९३४च्या जानेवारीत बिहारमध्ये भूकंप झाला, तेव्हा तो अस्पृश्यतेच्या पापाबद्दलचा ईश्वरी दंड होय असे गांधीजी म्हणाले. रवींद्रनाथांनी त्याला जाहीर हरकत घेतली, आणि गांधीजींनी ती ‘हरिजन’मध्ये आपल्या उत्तरासह छापली. या वादात बहुतेक सुशिक्षित वाचक सहजच रवींद्रनाथांच्या बाजूला जातात, आणि विवेकाच्या दृष्टीने ते योग्यच आहे. भौतिक घटनेला नैतिक कारण चिकटवले की तेच तर्कशास्त्र उद्या कोणाच्याही हाती शस्त्र होते. तरीही गांधीजींच्या विधानातील एक गोष्ट वाङ्मयीन दृष्टीने दुर्लक्षिण्याजोगी नाही. भूकंपाने समाजरचनेविषयी काही विचारले आहे, असे त्यांना वाटले. त्यांनी कार्यकारण चुकीचे लावले. प्रश्न मात्र समाजाकडे वळवला. जर्मन लेखक क्लाइस्ट याने १८०७ साली प्रसिद्ध केलेल्या एका कथेत सांतियागोच्या १६४७च्या भूकंपानंतरचे चित्र आहे. शहर कोसळल्यावर गावाबाहेरच्या दरीत उच्चनीच सगळे एकत्र येतात, एकमेकांना देतात-घेतात. आणि दुसऱ्याच दिवशी प्रार्थनामंदिरातल्या प्रवचनात पापी कोण याचा शोध सुरू होतो, आणि जमाव हत्या करतो. दरीतली समता फार थोडा वेळ टिकते. तिचा शेवट करणारी गोष्ट भूकंपाचा दुसरा धक्का नाही. स्पष्टीकरण देण्याची घाई आहे.

किल्लारीत प्रवचनाचे काम यादीने केले. जाड भिंतींच्या वाड्यांनी माणसे अधिक मारली आणि कुडाच्या झोपडीने वाचवली, तेव्हा गावची उतरंड एका क्षणापुरती उलटी झाली होती. पुनर्वसनाच्या कार्यक्रमात ती सुलटी केली गेली. जागतिक बँकेच्या साहाय्याने राबवलेल्या त्या कार्यक्रमात स्थलांतरित गावांमधील घरांचे आकार जमीनधारणेप्रमाणे ठरले : भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्या अल्पभूधारकाला २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्याला ४००, त्याहून अधिक जमीन असणाऱ्याला ७५०. यामागे शेतीची अवजारे, धान्य, जनावरे यांच्या गरजेचा व्यवहारी विचार होता, हे मान्य केले पाहिजे. परंतु आपल्या गावांत जमीन कोणाकडे असते हे सर्वांना ठाऊक आहे. जे पूर्वी दगडांच्या रुंदीत दिसत होते ते आता चौरस फुटांत मोजले गेले, एवढाच फरक. वेस, पार, चावडी, गल्ली, वस्त्यांच्या सीमा असे जे गाव ग्रामीण कादंबरीने पन्नास वर्षे वर्णिले, त्याच्या जागी एकसारख्या घरांच्या रांगा आणि रुंद, सरळ रस्ते आले. ग्रामीण साहित्याच्या समीक्षेने ‘गावाचे बदलते वास्तव’ हा शब्दप्रयोग अक्षरशः झिजवला आहे. पण एका दिवसात नष्ट झालेले आणि आराखड्यावरून पुन्हा काढलेले गाव तिच्यासमोर असताना तिने आपली परिभाषा तपासली नाही. नवे घर मिळाले पण नव्या घराचा उंबरठा कोणाच्या दाराला लागून आहे, रांगेत शेजारी कोण आले, सासरमाहेरची वाट कुठून जाते, याची बारकाईने नोंद करणारे लेखन समाजशास्त्राच्या अहवालांतून सापडते, कथेत क्वचित.

‘भूकंपग्रस्त’ हा शब्द या संदर्भात विचार करण्याजोगा आहे. ‘ग्रस्त’ म्हणजे गिळलेला, ग्रहणातल्या सूर्यचंद्रासारखा. ग्रहण सुटते, हे त्या शब्दात गर्भित आहे. प्रशासनाने मात्र तो शब्द कायमचा केला. दुष्काळग्रस्त, धरणग्रस्त, प्रकल्पग्रस्त या मालिकेत तो जाऊन बसला आणि त्याचा दाखला मिळू लागला. शासकीय नोकरभरतीत भूकंपग्रस्तांसाठी दोन टक्के समांतर आरक्षण आले. मदतीच्या या मार्गाचे महत्त्व कमी लेखावयाचे नाही. ज्यांचे सर्वस्व गेले त्यांच्या मुलांना त्याने हात दिला. येथे मुद्दा भाषेचा आहे. दाखल्यासाठी अर्ज लागतो, अर्जाला हकीगत लागते, आणि ती ठरावीक रकान्यांत बसवावी लागते. मृतांची संख्या, घराची स्थिती, जमीन किती. ज्या समाजाने आपले दुःख प्रथम लिखित स्वरूपात मांडले ते या अर्जांत. मराठी गद्याच्या इतिहासात कैफियत, करीना, महजर यांना जे स्थान आहे ते लक्षात घेता, भूकंपाच्या मराठी कथनाचे मूळ रूप विलापिका नसून अर्ज असावे, असे मी सुचवू इच्छितो. उद्याच्या कादंबरीकाराने कवितांच्या कात्रणांपेक्षा तालुक्याच्या कचेरीतील दप्तर चाळले तर त्याला अधिक सापडेल. अस्मानी आणि सुलतानी अशी आपल्याकडे संकटांची जुनी विभागणी आहे. भूकंप अस्मानी नाही, तो खालून येतो, सुलतानीही नाही. पण त्यानंतरची वीस-पंचवीस वर्षे या दोहोंच्या मधल्या, अद्याप नाव नसलेल्या प्रदेशात गेली.

शेवटी देशीवादाविषयी थोडे. भालचंद्र नेमाडे यांच्या मांडणीत भूमी हा आधारभूत शब्द आहे. साहित्यकृती आपल्या भूमीतून उगवते, रुजते, ही तिची प्रतिमासृष्टी. या मांडणीने मराठी समीक्षेला पाश्चात्त्य निकषांच्या दडपणातून बाहेर काढले, हे तिचे श्रेय निर्विवाद आहे. पण तिच्यात भूमी स्थिर आहे. काळी आणि पांढरी यांत ती भेद करीत नाही. ५२ गावांच्या बाबतीत नेमका हाच भेद उघडा पडला : काळी राहिली, पांढरी हलली. तीही हलून गेली ती बहुधा दुसऱ्या कोणाच्या तरी काळीवर, कारण नव्या गावठाणांसाठी शेतजमीन घ्यावी लागली. तेव्हा या लोकांची देशीयता कुठे शोधावयाची? जुन्या जागी, जिथे पडक्या भिंतींवर बाभळी माजल्या आहेत, की रांगेतल्या २५० चौरस फुटांत? मला वाटते, ती या दोहोंच्या मधल्या अंतरात आहे. गाव हलल्यावर कित्येकांना शेताकडे पूर्वीपेक्षा दूर चालावे लागू लागले. मराठीत अशा वेळी ‘शेत लांब पडले’ असे म्हणतात. हललेले असते ते घर, पण वाक्यात जागा बदलते ती शेताची. बोलणारा स्वतःला आणि आपल्या घराला जागच्या जागी धरून ठेवतो. भूकंपानंतर जन्मलेली, दाखला बाळगणारी आणि जुने गाव कधीही न पाहिलेली पिढी आता तिशीत येत आहे. तिच्या बोलण्यात हे वाक्य अजून असेच येते काय, की तिच्यासाठी शेत मुळातच लांब आहे, हे त्या भागातील महाविद्यालयांतून मराठी शिकवणाऱ्यांना ऐकून नोंदवता येईल.